रिकामे कंस

“भाऊजी, यात फोन नंबर कुठाय? मलाच शोधावा लागतोय, मग परक्या माणसाला काय डोंबल दिसणार?”

धाकटा दीर खिडकीपाशी उभा होता. “दिसेल, वहिनी. सावकाश करा. घाई नाही.”

घाई नाही म्हणे! नवरा डोंगरात हरवलेला, संध्याकाळच्या बातम्यांत त्याच्या शोधासाठी केलेल्या या वेबपानाचा पत्ता दाखवणार, आणि घाई नाही! ओठांवर आलेलं तिने गिळलं. बिचारा शोधपथकाबरोबर डोंगर पालथा घालून आला होता. कालपासून धड जेवलाही नव्हता.

ती पेशाने पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी. रंग, अक्षरं, मोकळी जागा हे तिच्या हातचं. वेबसाइटच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती. म्हणून पानाचा मजकूर दिराने लिहिला आणि तिला एक छोटा प्रोग्राम दिला. बटण दाबलं की तो फोटो, वर्णन, नंबर अशा पानाच्या भागांना दिलेली नावं, म्हणजे ‘क्लास’, उचलायचा आणि स्टाइलशीटचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलचा, सांगाडा करून द्यायचा. एकेक नाव, पुढे महिरपी कंस, आत काहीच नाही. आतले रंग आणि आकार तिने भरायचे.

सांगाडा हा शब्द ऐकून काल सासूबाई दिरावर भडकल्या होत्या. “जिभेला काही हाड आहे का तुझ्या? या घरात असलं काही बोलायचं नाही.” तेव्हापासून सगळे ‘साचा’ म्हणत होते. आज मात्र त्या आतल्या खोलीत पडून होत्या. डोकं दुखतंय म्हणाल्या.

सकाळी दिराने साच्यातल्या एका नावापुढच्या कंसात स्वतःच काहीतरी लिहिलं. नाव होतं ‘नंतर’.

“हे काय?”

“नंतर लागेल. त्याला हात लावू नका. मजकुरालाही नको. तुम्ही फक्त रंगांचं बघा.”

तिने बघितलं. दुपार टळून गेली तरी मान वर केली नाही.

दिराचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला. “नाही, आज नका दाखवू,” तो हळू आवाजात म्हणत होता. “हो. थांबवाच.”

ती गॅलरीच्या दारात आली. “पान झालं नाही म्हणून बातमी थांबवलीत?”

त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. “हो. तसंच समजा.”

“अहो भाऊजी, तिथल्या थंडीत एक दिवस म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?” तिला रडू फुटलं. “मी करते. आत्ता करते. त्यांना परत फोन लावा, पाया पडते तुमच्या!”

तो आईच्या खोलीत गेला.

नंबर मोठा हवा, लांबून दिसेल असा. तिने मजकुरात अगदी वर, नंबरापाशी, एक नवं क्लासचं नाव घातलं. ते साच्यात यायला हवं, म्हणून बटण पुन्हा दाबलं.

प्रोग्राम मुकाट्याने सांगितलेलं काम करणारा. त्याने नवा साचा केला आणि जुन्याच्या जागी ठेवून दिला. तिने दिवसभर भरलेलं सगळं गेलं. नावं तेवढी उरली, कंस रिकामे.

“अरे देवा!”

तिने पान उघडलं. उघडंबोडकं पान. रंग नाही, रचना नाही, नवऱ्याचा हसरा फोटो पडदाभर पसरलेला. काही शाबूत राहिलंय का बघायला ती घाईघाईने पानाच्या खाली गेली. तळाशी एक मजकूर होता. तो तिने याआधी कधी बघितला नव्हता. ‘नंतर’च्या कंसात दिराने लिहिलेली, हा मजकूर झाकून ठेवणारी ओळही पुसली गेली होती.

‘आमचा दादा आज पहाटे सापडला.’

तिचा जीव भांड्यात पडला. “आई! भाऊजी! अहो, सापडला!” ती हसत होती, रडत होती, खुर्ची मागे कलंडली तरी तिला भान नव्हतं.

आतून कुणीच ओ दिली नाही. तिने डोळे पुसले आणि खालची ओळ वाचली.

‘अंत्यसंस्कार उद्या सकाळी होतील.’