ससा अजून ओढ्यातच

“ताई, गाडी दिसत नाही अजून.”

एका मुलाचा आवाज. वर्षं लोटली, तरी मध्येच कधीतरी यायचा. दूध तापवताना, केस विंचरताना. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावणाऱ्यांचे फोन घ्यायचे, ही तिची नोकरी. कितीतरी आवाज कानावरून गेले. हा एकच तेवढा तिच्यामागून घरी आला होता. घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

लेकीने सकाळीच बजावलं होतं, आज सासरची माणसं पहिल्यांदा घरी येतायत, आज तुझा तो ससा नको. ती बरं म्हणाली होती. पाहुणे यायच्या आत कार्यक्रम संपेल, असा हिशेब तिने मनात केला आणि टीव्हीचा आवाज बारीक करून खुर्चीच्या कडेवर बसली.

कार्यक्रम लहान मुलांचा. सशाच्या घरी फोन वाजतो. रानात कुणीतरी अडकलेलं असतं. ससा पिशवी खांद्यावर टाकतो आणि गात निघतो:

आलो रे आलो, दिवा विझवू नको,
वाट माझी मोठी, डोळा मिटवू नको.

आज साळिंदराचं पिल्लू खड्ड्यात पडलं होतं. ससा ओढ्यात उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं. तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते.

तेवढ्यात बेल वाजली. लेक आतून धावत आली, तिच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. ससा अजून ओढ्यातच होता.

पण जिन्याकडची खिडकी उघडी होती आणि गाणं पाहुण्यांच्या कानावर गेलं होतं. होणाऱ्या विहीणबाई चपला काढता काढताच म्हणाल्या की वा, लग्नाआधीच आजीची तयारी सुरू झालेली दिसते. सगळे हसले. तीही हसली. हसण्यावारी न्यायची तिला सवय होती. नवऱ्याने तिच्याकडे बोट दाखवत लगेच री ओढली.

“आम्हाला दोन मुली आहेत. मोठी चष्मा लावते, एवढंच.”

चहा झाला. विहीणबाईंना सकाळची गोष्ट आठवली. किती वाजता निघू, हे विचारायला त्यांनी फोन केला, तर इकडून हॅलो नाही की कोण बोलतंय नाही. एकदम, “पत्ता सांगा.” आणि वर, “पुन्हा एकदा सांगा.” त्यांना वाटलं, पार्सलवाल्याला फोन लागला. नवरा मांडी थोपटून हसला. घरात हे नेहमीचंच, म्हणाला, हिला फोन दिला की ही समोरच्याला जिना कुठल्या बाजूला आहे तेही विचारते. एकदा तर सख्ख्या भावाला म्हणाली होती, घाबरू नका, बोलत राहा.

तिने रिकामे कप ट्रेमध्ये ठेवायला घेतले. होणारा जावई भला मुलगा होता. विषय तिच्यापर्यंत यावा म्हणून त्याने विचारलं, त्या कार्यक्रमात असतं तरी काय?

उत्तर नवऱ्यानेच दिलं. काही नाही, रोज तेच. फोन वाजतो आणि ससा पळतो.

“आणि आई रडते,” लेक म्हणाली. “ससा पोहोचला ना, की गुपचूप डोळे पुसते. मी बघितलंय.”

लेकीने बघितलंय, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी दारात पावलं थांबली होती आणि तशीच मागे गेली होती. काही न विचारता मागे फिरली पोर, म्हणून तिला केवढं बरं वाटलं होतं. चारचौघांत सांगेल, असं वाटलं नव्हतं.

आता हसणं जरा लांबलं. तिने हातातला कप ट्रेमध्ये ठेवला. मग ती बोलली, कामावर बोलायची त्या आवाजात. सावकाश, एकेक शब्द सुटा.

“ससा पोहोचतो,” ती जावयाला म्हणाली. “म्हणून बघते.”

विहीणबाई काहीतरी बोलणार होत्या. ती थांबली नाही.

“एक मुलगा होता. दम्याचा. घरात एकटा. मी त्याला खिडकीपाशी बसवलं. म्हटलं, गाडी आलीच, फोन ठेवू नकोस, बोलत राहा. श्वास पुरत नव्हता, तरी बोलत राहिला. मी सांगितलं म्हणून. मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. मग तोही नाही.”

नवऱ्याने हातातली बशी उगाच फिरवली. हे कधी बोलली नाहीस, एवढंच पुटपुटला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

लेक उठली. काय करावं ते न सुचून तिने टीव्ही लावला. साबणाची जाहिरात चालू होती. ससा केव्हाच संपला होता. लेक रिमोट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“राहू दे गं,” ती म्हणाली. खालमानेने तिने ट्रे उचलला. कप एकमेकांवर किणकिणले.

“गाडी आली होती. दार वाजलेलं मी फोनवर ऐकलं. खूप वेळ वाजवत होते. उघडायला कुणी आलं नाही.”