पदराची गाठ

आशाबाईनं पुन्हा पदराची गाठ चाचपली. भंडारा होता जागेवर. काल दिवेलागणीला नानासाहेबांनी खंडोबाच्या देवळात गावातल्या बायांना बेलभंडारा उचलायला लावला होता. मत उंटाच्या पेटीत टाकीन, नाहीतर लेकराबाळांचं वाटोळं होईल. उंट ही खुद्द नानासाहेबांची निशाणी. वर चिमूटभर भंडारा प्रत्येकीनं पदरात बांधून मतदानाला न्यायचा, म्हणजे शपथेचा विसर पडायला नको. माणूस मोठा पक्का!

निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गावात पहिल्यांदाच मतदान होतं. दुसरी पेटी कंदिलाची, बद्रीनाथाची. त्यानं भांडून नानासाहेबांच्या घरची वेठ बंद पाडली होती. आशाबाईचा नवरा कडूबा यंदा पहिल्यांदाच पेरणीच्या दिवशी स्वतःच्या रानात होता. तिचं मत केव्हाच ठरलं होतं. पण घरी पाळण्यात सहा महिन्यांचा सांडू होता.

नानासाहेब शाळेसमोर लिंबाखाली खाट टाकून मिशी कुरवाळत बसले होते. त्यांनीच तिला रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं केलं. मागं खसखस पिकली होती. काल देवळात भंडाऱ्याचं ताट धरणारी गुरवाची सारजाबाई शेवटापासून एकेकीच्या कानाला लागत होती आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आशाबाईला त्यांचा रागच आला. इथं जिवाला घोर लागलाय आणि यांना हसू सुचतंय!

आत इब्राहीम मास्तरांनी तिच्या हातात मताचा कागद दिला. "पडद्याआड जा, बाई. तिथं कुणाला दिसत नाय. मला नाय, नानासाहेबांनाबी नाय."

"अन् देवाला?"

मास्तर हसले. "त्याला तुमच्या मनातलं आधीच ठाऊक हाय की."

तेही खरंच. मग मनात कंदील आणि हातानं उंट, हे तरी देवाला कसं खपायचं? पडद्याआड आशाबाईनं डोळे मिटले, खंडोबाची माफी मागितली आणि कागद कंदिलाच्या पेटीत टाकला.

बाहेर आली ती रडतच. तिनं सारजाबाईचा हात धरला. "आत्याबाई, म्या शपथ मोडली! माझ्या सांडूला काय व्हईल?"

लिंबाखाली नानासाहेबांना वाटलं, बाई भक्तीनं रडतेय. ते खूश झाले. सारजाबाईनं त्यांच्याकडं पाठ केली, आशाबाईच्या पदराची गाठ सोडली आणि त्यातली चिमूट तिच्या जिभेवर ठेवली.

"बेसन हाय, येडे! वरून जराशी हळद. काल सांगितलं असतं तर तू देवळातच हसली असतीस. अन् आज तुझ्यापोतूर येईस्तोवर तू आत गेलीस बी."

आशाबाई रडता रडता हसायला लागली. सारजाबाईनं तिचे डोळे पुसले, पण आता तिचेच भरून आले होते.

"आमी साऱ्या पीठ चाखून मत टाकणार, पोरी. शपथ मोडून टाकलं ते तू एकलीनंच."