दत्ताजींचा विणायचा हात

“ह्ये दत्ताजींचं काम नाय,” जमनाबाई तामोरे म्हणाल्या आणि फोटो पलीकडे सरकवला.

सरपंच बळवंतच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या दांडी गावाची भिस्त या एका म्हातारीवर होती आणि तिनंच पायावर धोंडा मारून घेतला होता. “मावशी, चष्मा लावून बघ,” तो घाईघाईनं म्हणाला. “दत्ताजीच हायत.”

“माणूस तोच हाय. विणणं त्याचं नाय.”

फोटो घेऊन दिल्लीहून आलेला दिग्विजय नुसता हसला. दत्ताजी खरवंडे दोनदा केंद्रात मंत्री होते. ते बोलायला उठले की संसदेत विरोधकही गप्प बसत. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि आता दिल्लीत त्यांचं स्मारक उभं राहत होतं. तिथलं एक दालन आणीबाणीतल्या चार महिन्यांचं. ते चार महिने दत्ताजी पालघरच्या किनाऱ्यावर एका मच्छीमार घरात लपले होते. कुठल्या गावात, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आसरा देणाऱ्याचं नाव घेणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता आणि राजकारणात राहूनही तो पाळला होता.

त्यामुळे आता गावागावांत चढाओढ लागली होती. मुरब्याचे लोक म्हणत, आमच्याकडे. दातिवऱ्याहून तर एक जण दत्ताजी जेवलेलं ताट घेऊन आला होता. फलक एकच लागायचा होता आणि त्यावर एकच गाव यायचं होतं. ते ठरवायचं काम दिग्विजयचं. पुरावा म्हणावा तर हाच फोटो. दिल्लीच्या बंगल्यात, अंगात बनियन, मांडीवर जाळं, हातात सुई, आणि दत्ताजी विणताहेत. मंत्री झाल्यावरही त्यांची ही सवय सुटली नव्हती.

“आजी, हा फोटो खरा आहे,” दिग्विजय समजुतीनं म्हणाला. “मी स्वतः तपासलाय.”

“आसंल. पन माज्या पडवीत तो असा नव्हता बसत.”

मग जमनाबाईंनी सांगितलं. दत्ताजींना होडी सोसायची नाही. पहिल्याच दिवशी आतडी बाहेर येईस्तोवर ओकले. सासऱ्यांनी त्यांना पडवीत बसवलं. घरातले पुरुष दर्यावर, म्हणून विणायला शिकवायचं काम एकोणीस वर्षांच्या सुनेवर आलं. जाळी विणणं खरं तर पुरुषांचं, पण जमनाबाईंच्या बापाला मुलगा नव्हता, त्यानं लेकीलाच तयार केलेलं. पोलीस दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा दत्ताजी त्यांच्यासमोर उघड्या अंगानं जाळं विणत बसले होते. गाठ चुकली असती तर पकडले गेले असते. किनाऱ्यावर जाळं विणणाऱ्याकडे कोण बघतो? पोलीस त्यांना ओलांडून घरात शिरले आणि हात हलवत परत गेले.

गोष्ट छान होती. पण छान गोष्टी मुरब्यातही ऐकायला मिळाल्या होत्या. दिग्विजयनं वही मिटली. बळवंतनं मान खाली घातली. मुरबेकर आता पुढची वीस वर्षं भेटतील तिथं टोमणे मारणार, हे त्याला दिसायला लागलं.

“बस जरा, पोरा,” जमनाबाई म्हणाल्या. “जाळं सांगून शिकवत नाय. शेजारी बसायचं न् बघायचं. हात जाईल तसा आपला न्यायचा. तोंडातून शब्द काढायचा नाय. आमी तसंच शिकलो, तोबी तसाच शिकला.”

त्यांनी खुंटीवरचं अर्धं जाळं काढलं, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि सुई उचलली.

डाव्या हातात.

दिग्विजय तिथंच थबकला. सुई झरझर जात होती. प्रत्येक गाठीला करंगळी किंचित वर उठत होती. सत्तरीतही त्या हाताला घाई नव्हती आणि चूकही नव्हती.

“पण दत्ताजी उजवे होते,” तो कसाबसा म्हणाला. “आयुष्यभर उजव्या हातानं लिहीत होते.”

“लिवायला ते शाळंत शिकलं आसतील,” जमनाबाई मान वर न करता म्हणाल्या. “विणायला माज्याकडं शिकलं.”

वर्षभरापूर्वी स्मारकासाठी तो फोटो दिग्विजयच्या हाती आला, तेव्हा दत्ताजींच्या डाव्या हातात सुई होती. उजवा माणूस डाव्यानं कसा विणेल? फोटो उलटा छापला गेलाय, असं त्यानं ठरवलं. बनियनला बटणं नव्हती, मनगटावर घड्याळ नव्हतं, पडताळायला काहीच नव्हतं. त्यानं तो फिरवून सरळ करून घेतला होता आणि त्या हुशारीबद्दल शाबासकीही मिळवली होती.

त्यानं लॅपटॉप उघडला. मूळ फोटो काढून तो जमनाबाईंच्या हाताशेजारी धरला. तीच पकड. तीच वर उठलेली करंगळी.

“ह्यो बग,” जमनाबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. “आता विणतोय.”

बळवंतला अजून नीटसं कळलं नव्हतं. दिग्विजयनं त्याच्यासमोरच दिल्लीला फोन लावला.

“दालनातला मोठा फोटो उतरवा. मी फिरवायच्या आधी होता तसाच परत लावा. आणि खाली लिहा, दत्ताजी खरवंडे, दांडीच्या जमनाबाई तामोरे यांच्या हातानं विणताना.”