काल काय चुकलं?

"पंप बंद करा! साहेब, हातापाया पडतो, आधी पंप बंद करा!"

सेंटरिंगचा मिस्त्री धापा टाकत इंजिनियरसमोर येऊन उभा राहिला. शेजारच्या इमारतीच्या पहिल्या स्लॅबवर काँक्रीट पडत होतं. खाली, टेकूंच्या दाटीत, देखरेखीला मिस्त्रीचा धाकटा भाऊ एकटाच होता.

"वेड लागलंय का तुला? अर्धा स्लॅब झालाय!"

"टेकू ओल्या भरावावर उभे केलेत. बुडाशी लाकूडच नाही. काल आमच्या इमारतीत असेच खचले. घाईघाईनं लाकडं सारली म्हणून निभावलं."

"काल? आणि आज सांगतोयस? तो फळा काय शोभेला टांगलाय?"

फळा गेटपाशीच होता. वर मोठ्या अक्षरांत 'काल काय चुकलं?' रोज सकाळी प्रत्येक टोळीनं आपली चूक लिहायची, बाकीच्यांनी ती वाचून मगच कामाला लागायचं. कल्पना इंजिनियरचीच, आणि खरं सांगायचं तर झकास. पहिला महिनाभर फळा पुरत नव्हता. मग एका वेल्डरनं कच्चा राहिलेला जोड इमानदारीत लिहिला आणि दुपारी इंजिनियरनं त्याला कायमचं घरी पाठवलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! तेव्हापासून सगळ्या टोळ्यांची आळीमिळी गुपचिळी. आजही फळ्यावर सात ओळी होत्या, सातही 'काही नाही'. त्यातली एक मिस्त्रीच्या हातची.

"वेल्डरनं लिहिलं होतं, साहेब," मिस्त्री म्हणाला.

इंजिनियरचा चेहरा खाडकन उतरला. तो दोन्ही हात हलवत पंपाकडे धावला. पंप धडधडत थांबला. वरची माणसं भराभर उतरायला लागली.

आवाज थांबला तशी खालची करकर ऐकू आली.

मिस्त्री टेकूंकडे धावला. "बाहेर ये!" तो जीव तोडून ओरडला. "आहे तसं टाक आणि पळ! तुला आईची शपथ!"

टेकूंच्या आतून भावाचा दबका आवाज आला.

"ओरडू नकोस रे दादा! एकच टेकू सरकलाय. साहेबाला कळायच्या आत नीट करतो."