मोरीतल्या गोळ्या

गावच्या सांडपाणी केंद्रातलं यंत्र घरोघरचं पाणी तपासून कुणाची साखर वाढलीय, कुणाला कावीळ होतेय ते रोज सकाळी सांगायचं. त्या दिवशी ते, केंद्र सांभाळणाऱ्या वैजूलाच म्हणालं, "तुमच्या घरच्या पाण्यात आठवणीच्या गोळ्या आहेत. पण त्या कुणाच्या पोटात गेलेल्याच नाहीत."

 वैजूच्या सासूला सगळ्याचा विसर पडत चालला होता. गुण येईना म्हणून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या होत्या, आणि त्या द्यायचं काम सासऱ्यांकडे होतं.

ती तशीच घरी धावली. "मामा, आत्याबाईंच्या गोळ्या मोरीत टाकता तुम्ही?"

सासरे म्हणाले, "गोळी लागू पडली की तिला आपला दिनकर गेल्याचं आठवतं, पोरी. एकदा बघितलंय मी. तिचं ते रडणं पुन्हा नाही बघवणार."

दिनकर म्हणजे वैजूचा नवरा.

"आणि मी?" ती ओरडलीच. "त्या रोज मलाच विचारतात, दिनू कधी येणार. मी कुणापाशी रडू?"

 सासऱ्यांनी गोळ्यांची डबी तिच्या हातात दिली.

आठवडाभराने सासू भाकरी थापता थापता थांबली. वैजूच्या मोकळ्या गळ्याकडे तिने टक लावून बघितलं, पिठाच्या हातांनीच तिला पोटाशी ओढलं आणि हंबरडा फोडला. वैजूचाही बांध फुटला.

दारात उभे असलेले सासरे कितीतरी वेळाने आत आले आणि दोघींपाशी बसले.