नटावरचा दोरा

"माझ्यासमोर उघडा," प्रेमलता म्हणाली.

जागेश्वरने पाना उचलला नाही. सदर वस्तीतल्या त्याच्या गॅरेजच्या दारात तिच्या वडिलांची, बाबनरावांची बुलेट नुकतीच हातगाडीवरून उतरवली होती. हँडल वाकलेलं, मागचं चाक तेलाने काळं. पंधरा दिवसांपूर्वी काटोलच्या रस्त्यावर, एका वळणावर ती घसरली आणि बाबनराव जागीच गेले.

"कोणता नट ढिला होता ते तक्रारीत लिहा, असं हवालदार म्हणाले. तुम्हीच दाखवा. आदल्या दिवशी तेलाचा फिल्टर तुम्हीच काढला होता."

"मीच काढला. मीच बसवला."

"आणि नट आवळला?"

"आवळला, बेटा."

लहानपणी ती त्याला मामा म्हणायची. तो आईच्या माहेरच्या गल्लीतला. दोन्ही घरांचे हातमाग एकाच भिंतीला लागून होते. माग बंद पडल्यावर तो मोटारसायकलींकडे वळला. आज तिने त्याला मामा म्हटलं नाही.

तिच्या पिशवीत तक्रारीचा कागद होता. सही तेवढी राहिली होती. ती झाली की गॅरेजला कुलूप लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दिवाळीपासून पाच वेळा तेल गळलं," ती म्हणाली. "दर वेळी तुम्ही नटाखाली नवा वायसर घातला. दर वेळी काही दिवसांनी पुन्हा गाडीखाली डाग. बाबा इतकं बोलले, दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती."

"बोलले खरे. 'जागेश्वर, तू लुगडेच विनत बस गा,' म्हनले."

तो किंचित हसला. तिला ते सहन झालं नाही.

"हसू नका. तेव्हा निदान घरीच गळायचं. बाबा निघण्याआधी गाडी मागे सरकवून जमीन पाहायचे. डाग दिसला की काटोल रद्द. बसमध्ये टोपल्यांच्या गर्दीत बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पण त्या दिवशी अंगणात डाग नव्हता. आईला ताप होता, पहाटे अंधारातच शेणाचा सडा मीच टाकला होता. गाडीखालूनसुद्धा. रांगोळीसुद्धा मीच काढली. तेलाचा ठिपका नव्हता. म्हणजे नट रस्त्यात सुटला. तुम्ही अर्धा आवळलेला."

जागेश्वरने मान वर केली. काहीतरी विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि खाली बसला.

इंजिनाच्या उजव्या बाजूला फिल्टरचं टोपण होतं. त्याच्या नटापासून शेजारच्या बोल्टपर्यंत सुती दोरा बांधलेला होता, तेलाने काळा पडलेला. जागेश्वरने आधी तो कापला आणि खिशात टाकायला गेला.

प्रेमलताने त्याचं मनगट धरलं. "काय लपवता?"

"दोराच आहे वं. नट आवळला का मी बांधतो. मधात कोनी उघडलं तं समजते."

"मग लपवता काहून?" रागात तिच्या तोंडी 'का'ऐवजी शाळेत न चालणारा बोलीतला शब्द आला.

त्याने मनगट सोडवलं; दोरा तिच्या मुठीत राहिला. नट पान्याशिवाय, बोटांनीच निघाला. टोपण काढून त्याने आतली तेल गाळायची नमद्याची नळी बाहेर ओढली, पुसली, परत बसवली. वायसर लावला. नट बोटांनी फिरवत नेला, मग पान्याने पाव फेरा.

"जास्त आवळला तं आटे जातात," तो स्वतःशीच म्हणाला. सवयीने त्याने नवा दोरा घेऊन विणकरी गाठ मारली. गाठीचं टोक उजवीकडे पडलं.

प्रेमलताने मूठ उघडली. जुन्या दोऱ्याला तशीच गाठ होती. टोक मात्र डावीकडे.

"ही गाठ तुमची नाही."

"माहीच आहे."

"खोटं बोलता. तुमच्यानंतर कोणीतरी नट ढिला केला. गाठ पाहून परत दोरा बांधला. तुम्हाला माहीत आहे कोणी."

"त्या कागदावर माहं नाव आहे ना?" जागेश्वर हात पुसत म्हणाला. "मंग कर सही. अन् तो दोरा चुलीत टाक."

"पाचही वेळा अशीच गाठ होती?"

तो आत निघून गेला.

ती घरी आली तेव्हा तिचे कान तापले होते. कोणाला तरी वाचवण्यासाठी हा माणूस गॅरेज घालवायला निघाला होता, आणि तो कोणीतरी मोकळा फिरत होता. तक्रार नव्याने लिहायची. पहिल्या ओळीतच लिहायचं की हा अपघात नव्हता.

आई ओसरीवर बाबांच्या जुन्या धोतरांची गोधडी शिवत बसली होती. काटोलचं, तिथल्या बाईचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. बाबा दोन-दोन दिवस तिथे राहिले तरी ती फक्त "तिकडे गेले" म्हणायची.

प्रेमलताने कागद काढला, दौत उघडली. समोर आईचा दोरा तुटला. तिने न बघता दोन्ही टोकं जुळवली, डाव्या अंगठ्याने वळसा दिला आणि ओढली. गाठीचं टोक डावीकडे पडलं.

प्रेमलता उठली. काळा दोरा तिने गोधडीवर ठेवला, आईच्या गाठीशेजारी.

आईने सुई टोचून ठेवली. त्या दोन गाठींवरून तिने अंगठा फिरवला.

"तू मारायला निघाली होतीस त्यांना," प्रेमलता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

"थांबवाले," आई म्हणाली. "डाग दिसला का ते जात नव्हते. म्हनून सडा टाकताना गाडीखालची जागा मी सोडून देत होती."