बाजूनं कोण?

"पारध्यांची पोरं आपल्या पोरांशेजारी बसलेली ज्यांना चालतील, त्यांनी हात वर करा," शाळेच्या पालकसभेत नगरसेवक भगवंतराव गुरकावले. खुर्च्यांवरच्या पुरुषांमधून एकही हात वर गेला नाही. मागं सतरंजीवर आम्ही बायका. आम्हाला कुणी विचारत नव्हतंच.

तरी कमलनं हात वर केला.

"खाली घे!" ते ओरडले. तिनं घेतला नाही. मग गुरुजींच्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलून ते बुटांसकट सतरंजीवर चढले आणि तिच्या मनगटावर पट्टी हाणली. एकदा, पुन्हा एकदा. बांगड्या फुटून काचा आमच्या ओट्यांत उडाल्या. रक्त कोपरापर्यंत ओघळलं, पण हात वरच.

त्या पारध्यांच्या पोरांची आम्हालाही फार पडलेली नव्हती. पण नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बांगड्या भर सभेत फोडायच्या?

"अजून कुणाला हात वर करायचाय?" रक्तानं माखलेली पट्टी उगारून त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात काकणं वाजली. हिरव्या चुड्यानं भरलेला हात वर आला. त्यांच्याच बायकोचा.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आता ह्या फोडा."